पायगोंडा अण्णांची उलटी बॅटरी

बंद पडलेला ट्रॅक्टर दाखवायला पायगोंडा अण्णांना आणलं, की ते आधी ट्रॅक्टरकडे बघतच नसत. आपली जुनी लुना झाडाखाली लावायची, डोक्यावरची पांढरी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, मिळेल त्या दगडावर बसायचं आणि जमलेल्या माणसांची तोंडं एकेक करून न्याहाळायची. मग विचारायचं, "शेवटी हात कुणी लावलता?"

"कुणीच न्हाय, अण्णा. आपोआप बंद पडला."

"आपोआप झाडाचं पान पडतंय. वायर न्हाय पडत. हात कुणी लावलता?"

उत्तर मिळेपर्यंत अण्णा उठत नसत. मालक चिडायचा, ऊस तोडून पडलाय म्हणायचा, चहा मागवायचा. अण्णा चहा प्यायचे आणि बसून राहायचे. शेवटी गर्दीतून कुणाचा तरी मेहुणा पुढं यायचा. "मी जरा हॉर्नची वायर ओढलती. वाजंना म्हणून." तेवढं ऐकलं की अण्णा टोपी घालून उठायचे आणि सरळ हॉर्नच्या वायरीकडे जायचे. पुढचं काम पंधरा मिनिटांचं असे. माझ्या मते त्यांची निम्मी विद्या त्या एका प्रश्नात होती. पण लोकांना तो प्रश्न आवडत नसे. आपल्याच शेतात, आपल्याच माणसांसमोर जाब देणं कुणाला आवडेल? माघारी त्यांना सगळे 'फौजदार' म्हणत.

निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतल्या जुन्या ट्रॅक्टरांची वायरिंग, डायनामो, सेल्फ-स्टार्टर हे त्यांचं राज्य. घर जैनांचं, घरात कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी. ट्रॅक्टरशी मात्र ते कानडीतच बोलत. बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, "याको तम्मा, एनाग्यद?" का रे बाबा, काय झालंय तुला? माणसांशी ते इतक्या मायेनं बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलं.

सूर्यास्तानंतर ते जेवत नसत. त्यामुळे दिवस कलला, की हातातलं काम जिथं असेल तिथं ठेवून लुनाला किक मारायचे. इंजिन उघडं पडलेलं असो, मालक पाया पडत असो. "दिस बुडाया आला," एवढंच बोलायचे. काही मालक या सवयीचा काम लवकर उरकण्यासाठी उपयोग करून घेत. पाच वाजता म्हणायचे, "अण्णा, ऊन उतरलं बघा," आणि अण्णांचे हात दुप्पट वेगानं चालू लागायचे.

त्यांना तांबडा आणि हिरवा रंग वेगळा दिसत नसे. वायरमनला ही अडचण म्हणजे गवयाला कमी ऐकू येण्यासारखं. पण अण्णांनी त्यावर तोड काढली होती. तंबाखूची बोदं शिवायच्या सुतळीचे तुकडे ते वायरींना बांधायचे. एक गाठ म्हणजे हेडलाइट, दोन गाठी डायनामो, तीन गाठी सेल्फ. बॉनेटखाली हात घालून, न बघता, बोटांनी गाठी मोजत ते दोष शोधायचे. निपाणीत एका नव्या मिस्त्रीनं त्या सुतळ्या बघून विचारलं होतं, "ही कुणाची मानता हाय?" म्हणजे नवस. अण्णा म्हणाले, "वायरिंग करणाऱ्या शाण्याची. जळू ने म्हणून बांधलीया."

उंदरांच्या बाबतीतही त्यांचं काही खास मत होतं. उंदरांनी वायर खाल्ली, की लोक औषध घालायचे. अण्णांना ते चालत नसे. जीव मारायचा नाही, हे तर झालंच. पण त्यांचा युक्तिवाद वेगळा होता. "उंदीर वायर आवडीनं खातोय व्हय? त्याला दुसरं काय न्हाय म्हणून खातोय. शेडात मूठभर जोंधळं टाकत जा." आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तसं करून पाहिलं. उंदरांनी वायर सोडली हे खरं. पण ज्वारीच्या वासानं आणखी उंदीर आले, आणि त्यांनी ट्रॅक्टरच्या सीटचा सगळा काथ्या उपसून घरटी केली. आप्पांनी तक्रार केली तेव्हा अण्णा म्हणाले, "सीट माझ्याकडं येत न्हाय."

आणखी एक काम अण्णांकडे होतं, आणि त्यासाठी सगळ्यांना त्यांची गरज लागे. आमचं गाव मराठी बोलणारं आणि कचेऱ्या कन्नडमध्ये चालणाऱ्या. अण्णा कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. लाईट ऑफिसला द्यायचा अर्ज असो की तालुक्याला पाठवायचा कागद, लोक शेडात जाऊन मराठीत सांगायचे आणि अण्णा कन्नडमध्ये लिहायचे. त्यांना 'फौजदार' म्हणणारे लोकच तिथं रांग लावून उभे असायचे.

आता माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला पहिला माणूस मी. बेळगावच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन बारा-तेरा वर्षांपूर्वी मी गावी आलो, तेव्हा वेशीवर माझ्या फोटोचं डिजिटल पोस्टर लागलं होतं. नावाआधी 'इंजिनिअर' लिहिलं होतं. निकाल लागून चारच दिवस झाले होते आणि नोकरीचा पत्ता नव्हता. त्या महिन्यात मी गावातले दोन मिक्सर आणि एक इस्त्री दुरुस्त केली. तिन्हींची पिन सैल होती. पण गावाला वाटलं, शिक्षणाचं चीज झालं. आप्पा हॉटेलात बसून चहा न पिता नुसते ऐकत बसायचे, कोण काय बोलतंय ते.

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं मोठा. विलायती कंपनीचा, मूळचा निळा, पुढं कुठलाच रंग न उरलेला. आप्पांनी तो जुनाच घेतलेला. माझी शाळा आणि कॉलेज त्या ट्रॅक्टरनंच ओढलं, असं आप्पा म्हणायचे आणि ते खरंच होतं. त्याच बनावटीचे आणखी दोन ट्रॅक्टर गावात होते. एक शेजारच्या मारुती काकांचा आणि एक गावच्या सहकारी सोसायटीचा, जो सभासदांना पाळीनं मिळायचा. तिन्हींची वायरिंग अण्णांच्या हातची.

एके दिवशी आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी पुसताना मी थबकलो. कुठल्याही गाडीत बॅटरीचं एक टोक गाडीच्या लोखंडाला, म्हणजे बॉडीला जोडलेलं असतं. मी शिकलो होतो त्याप्रमाणे ते टोक मायनसचं. इथं प्लसची जाड वायर बॉडीला आवळलेली होती! जुन्या विलायती ट्रॅक्टरांची रचनाच तशी असायची, प्लस बॉडीला, हे मला माहीत नव्हतं. कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नाही. मी गेलो ते थेट हॉटेलात, आणि दहाबारा माणसांसमोर म्हणालो, "पायगोंडा अण्णांनी बॅटरी उलटी जोडलीय. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

ते वाक्य मी ज्या सुरात बोललो, तो सूर आठवला की आजही माझे कान गरम होतात.

आप्पांनी पाना धरला आणि मी बॅटरी फिरवून जोडली. सेल्फचं बटण दाबलं, ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. सेल्फची मोटर बॅटरी कशीही जोडली तरी एकाच बाजूला फिरते, हेही मी शिकलो होतो, पण तेव्हा ते आठवलं नाही. चार्जिंगचा काटा कित्येक वर्षं मेलेला, त्यामुळे तोही काही बोलला नाही. मारुती काका म्हणाले, "माझाबी सुलटा करून दे रं बाळा." सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "इंजिनेर, आमच्याबी ट्रॅक्टरला तसंच हाय. तेवढं बघा." मी दोन दिवसांत गावातले तिन्ही ट्रॅक्टर सुलटे केले. काटे तिथंही मेलेलेच होते.

हा घोळ एखाद्या अडाणी माणसाच्या हातून झाला नसता. त्यानं आधी अण्णांना विचारलं असतं. खऱ्या जाणत्याच्या हातूनही झाला नसता. त्यासाठी माझ्याइतका शिकलेला आणि माझ्याइतकं कमी पाहिलेला माणूस लागतो.

आठवड्यानं अण्णा कुणाच्या तरी कामाला आले होते. वाटेत मला बघून लुना थांबवली.

"साहेब, बॅटऱ्या फिरवल्यासा म्हणं?"

"हो अण्णा. आता सगळीकडे मायनसच बॉडीला असतं."

"कालेजात ट्रॅक्टर हाय?"

"नाही."

"मग कशावर शिकिवलं?"

"फळ्यावर."

अण्णांनी मान डोलावली. "फळ्याला बॉडी नसती, साहेब," असं म्हणून किक मारली आणि गेले. मला वाटलं, म्हाताऱ्याला राग आला. आला असेलही. पण ते मला काही विचारायची संधी देत होते, हे मला फार नंतर कळलं.

पावसाळाभर तिन्ही ट्रॅक्टर जवळजवळ उभेच होते, मग ऊसतोडीचे दिवस आले. एका दुपारी सोसायटीचा ट्रॅक्टर फडात उभा असताना बॉनेटखालून धूर निघाला. ड्रायव्हरनं उडी मारली, माती टाकून आग विझवली. डायनामो आणि वीज आत-बाहेर सोडणारा कटआउट जळून गेले होते, हेडलाइटपर्यंतची वायर वितळली होती. त्याच आठवड्यात मारुती काकांची बॅटरी मेली. नंतर आमची.

अण्णांना बोलावणं गेलं. ते आले, सोसायटीच्या ट्रॅक्टरजवळ दगडावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"शेवटी हात कुणी लावलता?"

"कुणीच न्हाय, अण्णा," चेअरमन म्हणाले.

"कुणीच न्हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"न्हाय बा," मारुती काका म्हणाले.

आठ-नऊ माणसं होती, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे माझ्यासाठी खोटं बोलत होते. आप्पा उसाच्या कांड्याची साल काढत उभे होते. अण्णांनी प्रत्येकाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे. मी म्हणालो, "अण्णा, एकदम धूर आला म्हणे."

अण्णांनी टोपी घातली. "मग आपोआपच दुरुस्त हुईल," असं म्हणून ते निघून गेले.

त्यांच्या जाण्याचा अर्थ गावानं आपल्या सोयीनं लावला. काम टाकून गेला म्हणजे चूक त्याचीच. वायरिंग कुणाची? त्याची. चेअरमननी ठरवलं, येत्या मीटिंगला ठराव करून सोसायटीच्या कामावरून अण्णांना काढायचं. तीस वर्षांचं ते काम. आमच्या सोसायटीनं काढलं की शेजारच्या गावांच्या सोसायट्याही काढणार हे उघड होतं, आणि जुन्या ट्रॅक्टरांची कामं आता तेवढीच उरली होती. अण्णांचं शेड बंद पडलं असतं, आणि तेही ज्याच्या हातून वायर कधी जळली नाही त्याच्यावर वायर जाळल्याचा ठपका ठेवून. तालुक्याला पाठवायला तांत्रिक अहवाल हवा होता. चेअरमन आमच्या घरी आले आणि म्हणाले, "इंजिनेर, ते तुम्हीच लिव्हा. कन्नडमधी पायजे बगा."

कन्नड मला शाळेत होतं, पास होण्यापुरतं. अक्षरं जुळवत वाचता यायचं. अहवाल लिहिणं शक्य नव्हतं. आणि गावात कन्नड लिहिणारा माणूस कोण, हे वर सांगितलंच आहे.

मी दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी शेडात गेलो. अण्णा सेल्फचे कार्बन घासत होते.

"अण्णा, सोसायटीचा एक कागद आहे. कन्नडमध्ये पाहिजे."

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद घेतला. "सांग."

"सोसायटीच्या ट्रॅक्टरची तपासणी केली असता डायनामो व कटआउट जळालेले आढळले."

ते सावकाश लिहीत गेले. अक्षर खरंच सुंदर होतं.

"पुढं?"

"वायरिंग निकामी झाली आहे."

"बरं. कारण?"

अण्णा पेन धरून वाट बघत होते. "कारण लिव्हाय पायजे. कारणाबिगर कागद परत येतोय. लाईट हापिसातनं माझं लई आल्यात."

"अण्णा, खरं सांगू? का जळलं ते मला अजून कळलेलं नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या बसतील. पण ते बाकावरचा एक जुना डायनामो ओढून माझ्यापुढं ठेवत म्हणाले, "ह्यो बंद असला तरी ह्याच्या पोटात थोडं लोहचुंबक शिल्लक ऱ्हातंय. येवडंसं. वीज कुठल्या अंगाला ढकलायची, ती सय त्यात असती. तू बॅटरी फिरवलीस. ह्याला कुणी सांगितलं? ह्यो बिचारा जुन्याच अंगानं ढकलत ऱ्हायला. बॅटरी हिकडनं, ह्यो तिकडनं. जळंल न्हाय तर काय?"

शेवटच्या परीक्षेत हाच प्रश्न होता. डायनामोतलं शिल्लक चुंबकत्व, आकृतीसह. मी पट्टी घेऊन आकृती काढली होती आणि मला पूर्ण गुण मिळाले होते.

"लिहा अण्णा," मी म्हणालो. "कारण, बॅटरी मी उलटी जोडली. अण्णांची जोडणी बरोबर होती."

"नुस्तं 'मी' चालत न्हाय कागदात. पुरं नाव पायजे. बापाचं नाव, गाव."

मला वाटलं होतं, इतकं बोललो म्हणजे अण्णा विरघळतील. म्हणतील, राहू दे पोरा, मी आपलं काहीतरी लिहितो. ते पेन धरून बसून राहिले. मी माझं नाव सांगितलं. मग आप्पांचं नाव सांगितलं. त्यांनी दोन्ही नीट लिहिली, मला एकदा वाचून दाखवली, आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

मीटिंगला सेक्रेटरीनं माझा अहवाल फाईलला लावला आणि म्हणाला, "रिपोर्ट आलाय. वाचून मंजूर." कुणीही तो वाचला नव्हता. चेअरमन पुढच्या विषयावर गेले. "रिपोर्टप्रमाणं मिस्त्री बदलायचा ठराव..."

मला वाटलं होतं, कागदावर लिहिलं म्हणजे माझं काम झालं. कागद तर कुणी उघडलाच नाही. मी उठून उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर आप्पा बसले होते, पहिल्या रांगेत, धुतलेला सदरा घालून. मी मराठीत सगळं सांगितलं. बॅटरी मी फिरवली, डायनामोला नवी दिशा द्यायची असते ते मला ठाऊक नव्हतं, तिन्ही ट्रॅक्टर माझ्यामुळे बिघडले, अण्णांची काही चूक नाही.

मग चेअरमन हसले.

"आप्पा, पोरगं लई मोठ्या मनाचं निघालं तुमचं! म्हाताऱ्याचं पोट जाऊ ने म्हणून सोताच्या अंगावर घ्यायला लागलंय."

"शिकलेल्या माणसाची रीतच येगळी," कुणी तरी म्हणालं. मारुती काकांनी तर डोळे पुसले. त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर मी त्यांच्यासमोर उलटा जोडला होता.

मी पुन्हा म्हणालो, अहो, खरंच मीच केलं. जितकं जोरात म्हणालो, तितका माझा मोठेपणा वाढत गेला. आप्पांकडे बघितलं. पाना त्यांनीच धरला होता. ते खाली बघत म्हणाले, "हं." शेवटी चेअरमन म्हणाले, एवढा इंजिनेर शिफारस करतोय तर म्हाताऱ्याला आणखी एक संधी देऊ. ठराव बारगळला. अण्णांचं काम वाचलं. माझ्या चुकीची कबुली म्हणून नाही, माझा शब्द मोडवला नाही म्हणून.

घराच्या दारात आल्यावर आप्पा म्हणाले, "तू खरं बोललास. मी न्हाय बोललो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः मोटरसायकल काढून अण्णांकडे गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. पण अण्णा आले, आणि आले ते दगडावर न बसता सरळ सोसायटीच्या ट्रॅक्टरकडे गेले.

चार दिवस काम चाललं. डायनामो खोलून नवी तार भरली, नवा कटआउट बसवला, मेलेला काटा दुरुस्त केला, वायरी ओढल्या, गाठी बांधल्या. ते सांगतील ते मी करत होतो. चौथ्या दिवशी बॅटरी जोडायची वेळ आली तेव्हा मी प्लसची वायर बॉडीकडे नेली, पूर्वीसारखी.

"आता कशाला फिरवतोस?" अण्णा म्हणाले. "मायनसच ऱ्हाऊ दे."

"पण तुमची पद्धत..."

"माझी कुठली? कंपनीनं दिली तशी मी ठेवली. आता नव्या बॅटऱ्या, नवं दिवं, समदं मायनस बॉडीचंच येतंय. धा वरसं सांगतोय ह्या लोकांस्नी, एकदा बदलून घेऊया. ऐकलं कुणी? म्हणायचे, अण्णा, चाललंय ते चालू द्या." ते मिशीत हसले. "तू न इचारता फिरवलंस, तर रांग लागली. तू केलंस ते वंगाळ न्हवतं, अर्धं हुतं."

उरलेलं अर्धं त्यांनी माझ्यासमोर केलं. बॅटरीच्या प्लसकडून एक वायर घेतली, डायनामोच्या एका टोकाला क्षणभर टेकवली आणि उचलली. बारीकशी ठिणगी उडाली. एवढंच. डायनामोच्या पोटातली सय बदलली. मग काट्याच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि वर बघितलं. पश्चिमेला ऊन तांबूस झालं होतं. त्यांना ते तांबूस दिसत नसावं, पण उतरलेलं कळत होतं.

"चालू कर आणि काटा बघ," ते टोपी घालत म्हणाले. "मी निघालो. दिस बुडाया आला."

"अण्णा, एवढं बघून तरी जा!"

"मी टेकवलीया वायर. काय बघायचं?" आणि लुना गेली.

मी सीटवर चढून बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, वेग वाढवला, आणि कित्येक वर्षांनी त्या ट्रॅक्टरचा काटा हळूच चार्जिंगच्या बाजूला सरकला. नेमक्या त्याच वेळी चेअरमन, मारुती काका आणि दहाबारा माणसं तिथं येऊन पोचली. त्यांनी बघितलं ते इतकंच: ट्रॅक्टर चालू, दिवे लखलखीत, वर मी. टाळ्या वाजल्या.

पुढं मारुती काकांचा आणि आमचा ट्रॅक्टरही अण्णांनी तसाच करून दिला. आजही गावात विचारा, "इंजिनेरानं तिन्ही ट्रॅक्टर नव्या पद्धतीचे करून दिले," असंच सांगतील. मला बेळगावला पॉलिटेक्निकमध्ये नोकरी लागली. गावी गेलो की मी लोकांचं हे बोलणं दुरुस्त करत असे, लोक हसून मान हलवत असत. एकदा मी अण्णांकडे याची तक्रार केली. म्हटलं, मला फार लाज वाटते, काहीतरी करा.

अण्णा म्हणाले, "तू खरं बोललास ते मला ठावं हाय. त्यांनी ऐकलं न्हाय त्याला तू काय करणार? आरं, माझी चूक गावाला परवडती. तुझी न्हाय परवडत. सबंध गावात एक तू शिकलास. तूच चुकलास म्हटल्यावर त्यांनी पोरं कशाच्या जोरावर शाळंत घालायची?" मग म्हणाले, "मला काम पायजे हुतं, ते ऱ्हायलं. नाव तुझ्याकडं गेलंय. आता वागव जन्मभर. हलकं न्हाय ते."

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. सकाळी देवळातून आले, शेडाचं दार उघडलं आणि बाकावर बसले ते तसेच. आमच्या गावानं शोकसभा घेतली आणि बोलायला मला बोलावलं. मी ठरवूनच गेलो होतो. हातात कागद नव्हता, पण एकही गोष्ट सोडली नाही. हॉटेलातलं वाक्य, फळ्याची गोष्ट, 'कुणीच न्हाय' म्हणणारी तोंडं, त्यात माझंही. शेडातला अहवाल, टेकवलेली वायर. सभा इतकी शांत होती की मला वाटलं, या वेळी पोचलं.

शेवटी चेअरमन आभाराला उठले. "गेलेल्या माणसाला किती मोठेपणा द्यावा, हे आमच्या इंजिनेर साहेबांकडनं शिकावं," ते म्हणाले. "अण्णांना त्यांनी जित्तेपणी सांभाळलं, आता मागंबी सांभाळतायत."

टाळ्या वाजल्या. बायकांच्या रांगेत अण्णांच्या पत्नी, आक्का, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं, रडताहेत. सभा संपल्यावर पाया पडायला गेलो तर डोळे कोरडे होते आणि खांदे हसण्यानं हलत होते. त्यांना मराठी थोडकं येतं. म्हणाल्या, "त्यांनी हे ऐकाय पायजे हुतं रे तम्मा. जेवायचं इसरले असते."

म्हणून हे सगळं लिहून काढलं. बोलून झालं, कन्नडमध्ये लिहून देऊन झालं. आता मराठीत, छापील. वाचणाऱ्यांपैकी कुणी मला विनयशील म्हणू नये, एवढी विनंती आहे. बॅटरी मी उलटी जोडली होती. दुरुस्त पायगोंडा अण्णांनी केली.